गोणपाट्या आणि खिंडीतली बायजा

एकदा काय झालं, राजा गेला शिकारीला आणि राणी गेली माहेरी. म्हणून आजच्या गोष्टीत राजाही नाही आणि राणीही नाही. आज आहे एक डोंगर, एक दर्या आणि दोघांच्या मधोमध एक पोरगी. सरका जरा जवळ. नचू, पाय पांघरुणात घे. या गोष्टीत राक्षस आहे, आणि त्याला उघडे अंगठे लांबून दिसतात.

तर डोंगरावर राहायची डोंगरवाली माणसं. मेंढ्या राखायची, घोंगड्या विणायची, लोटाभर ताक एका दमात प्यायची. खाली किनाऱ्यावर राहायची दर्यावाली माणसं. होड्या हाकायची, जाळी विणायची, मिठागरात मीठ पिकवायची. आता तुम्ही विचाराल, दोघांचं भांडण होतं का? छे, भांडण कसलं. डोंगरवाले मीठ न्यायला खाली यायचे, दर्यावाले नाचणी न्यायला वर जायचे. रामराम व्हायचा, पानसुपारी व्हायची. पण जो तो आपापल्या गावचा.

आणि त्या मुलखाची एक रीत होती, बरं का. घाटात कुणीही भेटलं, की पहिलं विचारायचं, "पाव्हणं, गाव कंचं?" मग ज्याला विचारलं त्यानं थांबायचं, डोक्यावरचं ओझं सावरायचं, छाती पुढे काढायची आणि खणखणीत सांगायचं, "डोंगरवाला." नाहीतर, "दर्यावाला." विचारलं आणि सांगितलं नाही असं कधी झालंच नाही. तिथला माणूस एक वेळ जेवायचं विसरेल, पण गाव सांगायचं विसरणार नाही.

मग काय झालं, बिरू नावाचा एक डोंगरवाला मीठ आणायला खाली गेला. तिथं पदू नावाची एक दर्यावाली मीठ भरत होती. बिरू मीठ घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मीठ संपलं म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा मीठ संपलं. तेव्हा पदू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, घरात मेंढ्या पाळल्यात का हत्ती?" बिरू लाजून लाजून तांबडा झाला. मग काय, झालं लग्न.

डोंगरवाले म्हणाले, वर या राहायला. दर्यावाले म्हणाले, खाली या राहायला. त्या दोघांनी ऐकलं सगळ्यांचं आणि घाटाच्या मधोमध, खिंडीत, स्वतःची एक झोपडी बांधली. वर बघावं तर डोंगर दिसायचा, खाली बघावं तर दर्या दिसायचा. आणि त्यांना झाली एक मुलगी. तिचं नाव बायजा.

बायजा म्हणजे वारं प्यायलेलं वासरू. बापानं तिला गोफण फिरवायला शिकवली, आईनं तिला पोहायला शिकवलं. बापाबरोबर ती कड्याच्या कडेनं धावायची आणि आईबरोबर खाडीत सूर मारायची. सकाळी नाचणीची भाकरी ताकात कुस्करून खायची आणि संध्याकाळी तीच भाकरी बोंबलाच्या कालवणात बुडवून खायची. तिला दोन्ही आवडायचं. कुणी विचारलं, जास्त काय आवडतं, तर म्हणायची, "आधी भूक लागू दे, मग सांगते."

पण तिला एका गोष्टीची भारी भीती वाटायची. वाघाची नाही, भुताची नाही. "गाव कंचं?" या प्रश्नाची. कुणी विचारलं की तिचा घसा सुकायचा. डोंगर म्हणावं तर आईला काय वाटेल? दर्या म्हणावं तर बापाला काय वाटेल? मग ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहायची, आणि विचारणारा आपला कंटाळून निघून जायचा.

असं करता करता बायजाला बारावं वर्ष लागलं. आणि बारावं म्हणजे मोठं वर्ष, बरं का. बारा वर्षांच्या पोराला वाडवडील आपल्या माणसांत घ्यायचे. एकदा घेतलं, की मग जत्रेत पंगतीला हक्कानं बसायचं, लग्नात वाजतगाजत पुढे चालायचं. ज्याला कुणीच घेतलं नाही, तो जन्मभर पाहुणा.

डोंगरवाल्यांची रीत अशी. त्यांच्याकडे एक उंच कडा होता, हाकेचा कडा. पोरानं कड्यासमोर उभं राहून हाक मारायची, "मी आलो." मग कडा स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायचा, "ये रे, बाबा." अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बिरूची आई, ठकूआजी, बायजाला घेऊन कड्यावर गेली. ठकूआजी म्हणजे काठीसारखी ताठ आणि जिभेनं तिखट. सगळा गाव गोळा झाला. बायजानं छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, "मी आले."

कडा गप्प. मग जरा वेळानं आवाज आला, "कोण गं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बायजानं दुसऱ्यांदा हाक मारली. "मी आले, बायजा, बिरूची बायजा." कडा म्हणाला, "बिरूला ओळखतो. तू कोण गं?" बायजानं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तिचा आवाज थोडा फाटला. कडा पुष्कळ वेळ विचार करत बसला आणि शेवटी म्हणाला, "बघून सांगतो."

आणि मग जे गप्प झाला ते झालाच. हसू नका रे, तिला रडू येत होतं. ठकूआजीनं तिचा हात धरला, खाली घेऊन आली आणि म्हणाली, "काय करणार पोरी. अर्धीच हायेस ना तू."

मग आली नारळी पुनव. दर्यावाल्यांची रीत अशी, की बारा वर्षांच्या पोरानं दर्याला नारळ द्यायचा. आपल्या पोराचा नारळ दर्या अलगद आत ओढून घ्यायचा, आणि परक्याचा नारळ वाळूवर आणून टाकायचा. पदूचा भाऊ, हिरोजी नाखवा, बायजाचा मामा, तिला घेऊन किनाऱ्यावर गेला. मामा म्हणजे ढोलासारखं पोट आणि ढोलासारखा आवाज. बायजानं नारळाला हळद-कुंकू लावलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला.

नारळ गेला आत. लोक म्हणाले, गेला, गेला. तोच नारळ फिरला आणि परत आला. लोक म्हणाले, आला, आला. पुन्हा आत गेला, पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा गेला तो मधेच थांबला आणि जागच्या जागी डुचमळत बसला. आत जाईना, बाहेर येईना. दुपार झाली, लोकांना भुका लागल्या, करंज्या गार झाल्या, तरी नारळ आपला डुचुक डुचुक. शेवटी हिरोजीमामानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अगो पोरी, आता काय करू सांग. अर्धीच पडलीस ना तू."

बायजा घरी आली आणि पांघरुणात तोंड खुपसून रडली. बिरू म्हणाला, तू माझी सोन्यासारखी लेक आहेस. पदू म्हणाली, तू माझी मोत्यासारखी लेक आहेस. पण बायजाला सोनंही व्हायचं नव्हतं आणि मोतीही व्हायचं नव्हतं. तिला फक्त कुणीतरी "ये गं" म्हणायला हवं होतं. तिला वाटलं, आपण अर्ध्या आहोत, आणि अर्ध्या माणसाला कुठं जागा असते? फार वाईट वाटलं हो तिला.

आता ऐका. आता राक्षस येतोय.

भादव्यात घाटात धुकं उतरलं. असं दाट, की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये. आणि त्या धुक्यात येऊन बसला गोणपाट्या राक्षस. डोंगराएवढा थोराड, नाक वांग्यासारखं, आणि खांद्यावर दोन गोण्या. उजव्या खांद्यावर एक, डाव्या खांद्यावर एक. हा राक्षस खायला फार चोखंदळ होता, बरं का. त्याला सरमिसळ चालायची नाही. डोंगरवाल्यांचं घालायचा लोणचं आणि दर्यावाल्यांची करायचा चटणी. लोणच्यात चटणी मिसळली की त्याच्या पोटात दुखायचं. म्हणून डोंगरवाले उजव्या गोणीत आणि दर्यावाले डाव्या गोणीत.

त्या गोण्या साध्या नव्हत्या. त्याच्या आईनं, म्हाताऱ्या राक्षशिणीनं, स्वतःच्या केसांनी शिवून दिल्या होत्या. ती म्हणाली होती, "बाळा, या गोण्या कधी भरायच्या नाहीत, कधी फाटायच्या नाहीत. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. गाव विचारून उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला हात लावू नकोस. आणि एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या गोणीत टाकू नकोस. टाकलास तर माझी शिवण उसवेल."

मग गोणपाट्या काय करायचा? धुक्यात बसायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "पाव्हणं, गाव कंचं?" आणि ती माणसं कशी, ठाऊक आहे ना तुम्हाला? समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, पण विचारलंय ना, मग सांगायलाच हवं. छाती पुढे काढायची आणि खणखणीत आवाजात, "डोंगरवाला." की उजव्या गोणीचं तोंड उघडायचं आणि माणूस आत, सुर्रकन. "दर्यावाला." की डावी गोणी उघडायची, सुर्रकन. मीठ आणायला गेलेले आले नाहीत. नाचणी आणायला गेलेले आले नाहीत. त्यांना शोधायला ठकूआजी काठी टेकत खाली निघाली, तीही आली नाही. हिरोजीमामा वल्हं घेऊन वर निघाला, तोही आला नाही.

मग बिरू उठला आणि आईला शोधायला गेला. आला नाही. मग पदू उठली. जाताना म्हणाली, "बायजा, मी येस्तोवर उंबरा ओलांडू नको." आणि तीही आली नाही.

बायजा एकटी राहिली. चूल विझली, रांजण रिकामा झाला. ती उंबऱ्याशी बसून राहिली. एक सकाळ गेली, दुसरी सकाळ गेली. तिसऱ्या सकाळी ती उठली, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि आईचा शब्द मोडून उंबरा ओलांडला. भीती वाटत होती का? वाटत होती की. पण आईबापाविना घरात बसायची भीती त्याहून मोठी होती.

धुक्यातून चालली, चालली, चालली. आणि वळणावर आवाज आला, गोड गोड, "पाव्हणं, गाव कंचं?"

आणि बायजाचा घसा सुकला. नेहमीसारखाच. ती थांबली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

गोणपाट्या वाट बघत बसला. इतका वेळ कुणी कधी घेतला नव्हता. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. बायजा गप्प. तेवढ्यात उजव्या गोणीतून बिरूचा आवाज आला, "बायजा, बोलू नको. जोवर तू सांगत नाहीस, तोवर त्याला हात लावता येत नाही." आणि डाव्या गोणीतून पदूचा आवाज आला, "पळ, माझे पोरी, घरला पळ."

बाप एका गोणीत आणि आई दुसऱ्या गोणीत. आणि बायजा बाहेर. पळाली असती तर वाचली असती, बरं का. पण चुलीच्या जाळानं तिथलं धुकं विरळ झालं होतं, आणि तिला दिसलं, की राक्षसानं एका बाजूला चुलीवर भलंमोठं पातेलं ठेवलं होतं आणि दुसऱ्या बाजूला पाटा-वरवंटा मांडला होता. इतके दिवस गोळा केलेली माणसं त्या दुपारी खायचा त्याचा बेत होता. बायजाला वाटलं, डोंगरवाली म्हणाले तर बापाजवळ जाईन, पण आई राहील. दर्यावाली म्हणाले तर आईजवळ जाईन, पण बाप राहील. मग तिनं डोळे मिटले आणि लोक तिला जे सांगत आले होते तेच सांगून टाकलं. "अर्धी डोंगरवाली. अर्धी दर्यावाली."

हे ऐकून राक्षसाला एवढा आनंद झाला, की त्यानं मांडीवर थाप मारली आणि चार दगड घरंगळले. "वा वा," तो म्हणाला, "म्हणजे अर्धी लोणच्याला आणि अर्धी चटणीला. सोपं आहे." आणि त्यानं कमरेचा विळा काढला.

गप्प का झालात? श्वास घ्या, श्वास घ्या. पुढे ऐका.

राक्षस चोखंदळ, हे सांगितलं ना मी? डोंगराची अर्धी कुठं संपते आणि दर्याची अर्धी कुठं लागते, ते बघितल्याशिवाय तो कापणार कसा? चुकून डोंगराचा तुकडा दर्यात गेला तर आईची शिवण उसवायची. म्हणून त्यानं वांग्यासारखं नाक पुढे केलं आणि बायजाला हुंगायला लागला. डोक्याचे केस हुंगले. चुलीच्या धुराचा वास आला. "हे डोंगराचं," तो म्हणाला. पुन्हा हुंगले, तर खाऱ्या वाऱ्याचा वास आला. "आं? हे दर्याचं?" मग हात हुंगला. मेंढीच्या लोकरीचा वास. तोच हात उलटा करून हुंगला, तर सुकटीचा वास. पाय हुंगले. तळव्याला घाटातली तांबडी माती आणि बोटांच्या बेचक्यात पांढरी वाळू. राक्षसानं वरून बघितलं, खालून बघितलं, तिला गोल फिरवून बघितलं.

"तुझा सांधा कुठाय गं?" तो वैतागून म्हणाला. "कापू कुठून?"

तेव्हा बायजाही स्वतःकडे बघायला लागली. तिनं उजवा हात पुढे धरला. या हाताला गोफण बापानं शिकवली, आणि जाळ्याची गाठ याच हाताला आईनं शिकवली. मग हा हात कुणाचा? तिनं डावा पाय उचलून बघितला. कडा चढणारा हाच आणि पाणी मारणारा हाच. तिनं पोटाला हात लावला. या पोटात ताकही मावतं आणि कालवणही मावतं. तिनं शोध शोध शोधलं, पण डोंगर इथं संपला आणि दर्या इथं लागला, अशी रेघ तिला अंगावर कुठंच सापडली नाही.

आणि मग बायजाला हसू आलं. आधी बारीक, मग मोठं, मग पोट धरून. राक्षस बुचकळ्यात पडला. विळ्यापुढे हसणारी पोर त्यानं कधी बघितली नव्हती.

"मी चुकीचं सांगितलं," बायजा म्हणाली. "मी अर्धी नाही. मला पुन्हा विचार."

आणि राक्षसाची सवय बघा, तोंडातून निघूनच गेलं, "पाव्हणं, गाव कंचं?"

बायजानं आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढली आणि खणखणीत सांगितलं, "डोंगरवाली. सगळीच्या सगळी."

खोटं असतं तर गोणी उघडली नसती. पण ते खरं होतं. उजव्या गोणीचं तोंड उघडलं आणि बायजा आत, सुर्रकन. आत ठकूआजी, आत डोंगरवाले, आत तिचा बाप. बिरूनं तिला कवेत घेतलं आणि म्हणाला, "आगं, हे काय केलंस?"

"थांब ना बा, अजून सांगून झालं नाही," बायजा म्हणाली. आणि गोणीच्या आतून ओरडली, "आणि दर्यावाली. तीसुद्धा सगळीच्या सगळी."

डोंगराच्या गोणीत दर्यावाली. मग काय होणार? सांगा बघू. टर्रर्रर्र. राक्षशिणीच्या केसांची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली आणि डोंगरवाले भडाभडा बाहेर पडले. पागोटी एकीकडे, वहाणा एकीकडे, ठकूआजीची काठी राक्षसाच्या नाकावर.

गोणपाट्यानं डावी गोणी घट्ट धरली आणि पळत सुटला. खाली, खाली, घाटाच्या खाली. एका टांगेत शेत, एका टांगेत ओढा. आणि बायजा त्याच्या मागे. बापानं शिकवलेल्या पायांनी ती घाट उतरली, दगडावरून दगडावर. मधे ओढा आडवा आला, भादव्याचा फुगलेला, तांबडा. राक्षसानं तो उडी मारून ओलांडला. बायजानं आईनं शिकवलेल्या हातांनी तो कापला आणि पलीकडे निघाली, निथळत. धावली, धावली, आणि गोणीचं टोक तिच्या हातात आलं.

"थांब," ती धापा टाकत म्हणाली. "मला विचारल्याशिवाय चाललास कुठं?"

राक्षसानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पण जन्माची सवय ती. बोटांच्या फटीतून आवाज आलाच, "पाव्हणं, गाव कंचं?"

"दर्यावाली. सगळीच्या सगळी." सुर्रकन आत. आत हिरोजीमामा, आत दर्यावाले, आत आई. पदूनं तिला छातीशी धरलं, एवढं घट्ट की दोघींना श्वास घेता येईना. मग बायजानं आईच्या पदरातून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "आणि डोंगरवाली." टर्रर्रर्र. दर्यावालेही बाहेर. हिरोजीमामाचं पोट आधी, मामा मागून.

आता राक्षसाचं काय झालं, ते ऐका. दोन फाटक्या गोण्या खांद्यावर टाकून तो उभा होता. तेवढ्यात मागून डोंगरवाले ओढ्याला वळसा घालून पळत आले, सगळ्यांत पुढे ठकूआजी. म्हातारीला दिसायचं कमी. समोर कुणीतरी थोराड पाहुणा उभा आहे एवढंच तिला कळलं. मग रीत म्हणजे रीत. ठकूआजीनं काठी टेकली आणि विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं?"

राक्षसानं तोंड उघडलं. पण शब्दच येईना. जन्मभर त्यानं जगाला गाव विचारलं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं उजव्या गोणीत बघितलं, डाव्या गोणीत बघितलं. मग तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

सगळे हसले. बायजा नाही हसली. तिला ठाऊक होतं ना, घसा कसा सुकतो ते. ती जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "घाई नाही रे. सापडलं की सांग." राक्षसानं नाक पुसलं, मान डोलावली आणि धुक्यात चालता झाला. कुणी म्हणतं, तो अजून गाव शोधतोय. कुणी म्हणतं, त्याला सापडलं आणि तिथं तो वांगी लावतो. मला काही नक्की ठाऊक नाही.

झालं. धुकं निवळलं, ऊन पडलं. गोष्ट संपली वाटलं ना? नाही संपली. खरी गंमत तर पुढेच.

डोंगरवाल्यांनी बायजाला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "आमची पोर. डोंगराचं रगत." दर्यावाल्यांनी तिचा पाय धरला आणि म्हणाले, "आमचीच हाय ती. दर्याचं पाणी." डोंगरवाले म्हणाले, आमचा कडा चुकला, तो म्हातारा झालाय. दर्यावाले म्हणाले, आमचा नारळ किडका होता. ठकूआजीनं तिचा एक हात धरला आणि ओढली, "चल वर." मामानं दुसरा हात धरला आणि ओढली, "चल खाली." आता बघा, आजवर जिला कुणी घेत नव्हतं, तिला आता दोन्हीकडून ओढायला लागले. आणि बायजाचे खांदे दुखायला लागले.

मग बायजाला राग आला. असा राग, की तिनं दोन्ही हात हिसकून सोडवले आणि म्हणाली, "त्या राक्षसानं निदान मला विचारलं तरी. तुमच्यापैकी कुणी विचारलंत?"

हिरोजीमामा जमिनीकडे बघायला लागला. डोंगरवाल्यांनी पागोटी सारखी केली. कारण खरंच, तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, अर्धी आहेस म्हणून. पण तिचं ऐकून कुणीच घेतलं नव्हतं.

ठकूआजी खाली बसली. गुडघे वाजले तिचे. जीभ तिखट असली, तरी चूक झाली की कबूल करणारी होती ती. तिनं बायजाची हनुवटी धरली आणि विचारलं, "चुकलंच आमचं. आता तूच सांग बाय. तू कुठली?"

"वरचीही आणि खालचीही," बायजा म्हणाली. "आणि दोन्हीकडं पुरती."

ठकूआजीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "आगं, पण एवढी मोठी तू," ती म्हणाली, "मावशील कुठं?"

बायजानं ओले केस मागे टाकले. "मला मावायचं नाहीये, आजी," ती म्हणाली. "मला जायचंय आणि यायचंय. तुम्ही फक्त दारं उघडी ठेवा."

मग ठकूआजीनं मामाकडे बघितलं, मामानं तिच्याकडे बघितलं. आणि कड्यानं जे म्हटलं नव्हतं, दर्यानं जे म्हटलं नव्हतं, ते त्या दोघांनी एकाच वेळी म्हटलं. "ये गं."

मग काय, बिरूनं तिला एका बाजूनं धरलं, पदूनं दुसऱ्या बाजूनं, आणि तिघं आपल्या खिंडीतल्या घरी गेली. चूल पेटली, रांजण भरला. त्या वर्षीच्या जत्रेला बायजा वर जेवली. मग उतरून खाली गेली आणि तिथंही जेवली. दोन्ही पंगतींत पोटभर. मग दोन दिवस पोट धरून निजली, पण निजली मात्र हसत. आणि तेव्हापासून त्या मुलखात "गाव कंचं?" विचारलं, की लोक उत्तराची जरा वाट बघायला लागले. कुणाला वेळ लागला तर लागू द्यायचे. बिरू सुखात, पदू सुखात, बायजा तर सगळ्यांहून सुखात.

तिकडे डोंगरावर मेंढ्या निजल्या, खाली होड्या निजल्या आणि मधे खिंडीत बायजाही निजली. आता राहिलात कोण जागे? तुम्हीच की. मिटा डोळे. नचू, अंगठा घे आत.